स्टेला ‘नाही’ म्हणते ती कोणाच्या वतीने?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एम.ए. इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारात. सध्या सोळाव्या शतकातली सॉनेट्स (चौदा ओळींच्या कविता) चालू आहेत आणि खरं सांगू का, डोकं उठलंय. सगळे कवी रडतायत आणि सगळ्या बायका दगडाच्या. नोट्समध्ये एकच वाक्य आहे, ‘समाजाच्या अपेक्षा प्रेमाच्या आड येतात’. पेपरात लिहीन मी ते, पण कवितेत ते दिसतं कुठे? तिला तो आवडतच नसेल असं का नाही धरायचं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : अगं, धर की, काही ठिकाणी ते बरोबरच निघेल. इटालियन कवी पेट्रार्कचं बघ, १३२७ सालच्या ६ एप्रिलला फ्रान्समधल्या आविन्योंच्या चर्चमध्ये त्याची नायिका लॉरा दिसली असं तो स्वतः सांगतो, पुढे ३६६ कवितांचं पुस्तक झालं, पण लॉराच्या मनात काय होतं तेही आपल्याला तोच सांगणार. नंतरच्यांनी तीच चाल उचलली आणि ‘निष्ठुर नायिका’ हा शिक्का बसला तो बसलाच. पण इंग्लिश कवी फिलिप सिडनीपाशी जरा थांब.

त्याच्या ‘ॲस्ट्रोफिल अँड स्टेला’ या पुस्तकात १०८ सॉनेट्स आहेत आणि अधूनमधून ११ गाणी, शिकवताना गाणी बऱ्याचदा राहून जातात, तू त्यातलं आठवं काढ. मे महिना, झाडी, पक्षी, प्रियकर ॲस्ट्रोफिल आणि स्टेला चोरून भेटलीयेत आणि बराच वेळ कोणी काही बोलतच नाही. तिथे कवी जाता जाता सांगून टाकतो की तिच्या सुंदर मानेवर घाणेरडं जू आहे. जू म्हणजे तिचं लग्न. बैलाच्या मानेवर ठेवतात ना, तेच. मग तो मनधरणी करतो, हात पुढे करतो, ती त्याचे हात बाजूला सारते आणि बोलायला लागते, आणि बोलते काय तर माझं प्रेम तुझ्यावरच आहे, ही जुलमी अब्रू तुझ्याशी अशी वागतेय, स्टेलाने स्वतः तुला नकार दिला नसता. म्हणजे स्वतःला आणि अब्रूला ती सरळ वेगळं काढून दाखवते. तुझ्या नोट्समधलं वाक्य इथे सापडेल, तिच्याच तोंडी, आणि एकदा हे वाचलंस की बाकीच्या ‘दगडाच्या’ बायकांकडेही तू वेगळ्या नजरेने बघशील. शेवट तर मला दर वेळी लागतो, अख्खं गाणं ‘तो’ आणि ‘ती’ असं चाललेलं असतं, ती त्याला सोडून निघून जाते आणि शेवटच्या ओळीत एकदम येतं की माझं गाणं तुटलं. माझं! इतका वेळ लांबून सांगत होता तो हाच.

आता ते जू आलं कुठून. स्टेला म्हणजे पेनेलोपी डेव्हरू असं बहुतेक सगळे मानतात. तिचे वडील १५७६ मध्ये वारले तेव्हा सिडनीशी तिचं जुळावं अशी त्यांची इच्छा होती, पण ते बारगळलं, आणि १५८१ मध्ये घरच्या मोठ्यांनी तिला लॉर्ड रिचला देऊन टाकली. आडनावच रिच, त्यावर सिडनी ३७व्या सॉनेटमध्ये शब्दखेळ करतो की तिच्या नशिबात वाईट एवढंच, ती रिच आहे. जमीन, किताब, घराणं बघून स्थळ ठरायचं, मुलीला विचारायची पद्धत नव्हती. सिडनी १५८६ मध्ये लढाईतल्या जखमेने गेला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पेनेलोपीचं तसं झालं नाही. ती पुढे चार्ल्स ब्लाउंटबरोबर राहिली, १६०५ मध्ये रिचपासून सुटली पण पुन्हा लग्नाला परवानगी नव्हती, तरी दोघांनी केलं आणि दरबारातून उतरली, दोन वर्षांच्या आत दोघंही गेली. (आपल्या बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा सयाजीरावांनी १९३१ मध्ये आणला, तेव्हा हे सगळं फार लांबचं समजू नकोस.)

पुरुषाला काहीच सोसावं लागत नव्हतं असंही नाही. इंग्लिश कवी जॉन डनने १६०१ च्या डिसेंबरात आपल्या साहेबांच्या बायकोच्या भाचीशी, ॲनशी, गुपचूप लग्न केलं, मुलीच्या वडिलांनी त्याला तुरुंगात टाकायला लावलं, सुटला पण नोकरी गेली ती गेलीच, पुढची कित्येक वर्षं ओढाताणीत. त्याच्या ‘द कॅननायझेशन’ या कवितेची सुरुवात आहे ना, देवासाठी तोंड बंद ठेव आणि मला प्रेम करू दे, ती हे माहीत असलं की वेगळी ऐकू येते. पण ॲनचं काय गं? बारा बाळंतपणं, शेवटच्यानंतर १६१७ मध्ये ती गेली. कविता सगळ्या त्याच्या.

म्हणून बायकांनी लिहिलेलं जरूर वाच, भाषांतरात का होईना. व्हेनिसची गास्पारा स्ताम्पा, तिचा प्रियकर उमराव आणि ही त्याच्या बरोबरीच्या घरातली नाही, तर तिने ते दुःख लपवलं नाही, नाव घेऊन लिहिलं, १५५४ मध्ये तिच्या मागे बहिणीने पुस्तक छापवलं. आणि फ्रान्समधल्या लियॉनची लुईझ लाबे, दोर वळणाऱ्याची मुलगी, १५५५ मध्ये जिवंतपणी स्वतःच्या नावाने पुस्तक काढते आणि त्यात उघड चुंबन मागते. पेपरात या दोघींवर एक पॅरा तरी लिही.

तू अभ्यासाला बहुतेक हंसा मेहता लायब्ररीतच बसत असशील. हंसाबेन बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, नागर ब्राह्मण घरातली, डॉ. जीवराज मेहता वैश्य, १९२४ मध्ये त्यांनी लग्न केलं तेव्हा जातीत मोठा विरोध झाला होता, आणि १९४९ मध्ये त्याच आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. तिथे बसून आठवं गाणं वाच, ओठांतल्या ओठांत का होईना पण उच्चारून वाच. जूची ओळ आली की पुस्तकात रेघ मारू नकोस, वहीत उतरवून घे.