गायरानात झाडं किती असावीत?

प्रश्न : ताई, नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला ४० हेक्टर गायरान आहे. त्यात हिवर, बोरी, थोड्या बाभळी. ओढ्याकडेला वेडी बाभूळ माजलीय. एक संस्था तिथं हेक्टरी १,१११ रोपं लावून द्यायला तयार आहे. मेंढरंवाले म्हणतात, गवत जाईल. ग्रामसभेत दोन तट पडलेत. आज झाडं किती आहेत ते कसं मोजायचं, आणि किती असली म्हणजे पुरे?

उत्तर : भाऊ, तीन बाय तीन मीटरवर खड्डे घेतले की हेक्टरात १,१११ बसतात. हा खड्ड्यांचा हिशेब झाला. तुमचा माळ त्यात कुठंच नाही. मेंढरंवाल्यांचं म्हणणं मला पटतं. येवल्याकडं ममदापूर-राजापूरला काळवीट आहे ते उघड्या गवताळ माळामुळंच.

आता मोजणी. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, त्यातला एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास आपला गुंठाच. खुंटी ठोकून १७.८४ मीटरवर गोल फिरलात की १० आर होतात. असे दहा गोल म्हणजे एक हेक्टर. दहा गोलांत मिळून जेवढी झाडं, तोच तुमचा हेक्टरी आकडा, पुढं गुणाकार-भागाकार नाही. सुती दोरी ताणते, गवंड्याकडचा लांब टेप मागून आणा.

गोल कुठं घ्यायचे हे पायांवर सोडू नका, उन्हात पाय सावलीकडंच वळतात. गावनकाशावर दोनशे-दोनशे मीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा; त्या जिथं काटतात असे साधारण दहा ठिपके तुमच्या गायरानात पडतील. ठिपका उघड्या मुरमावर पडला आणि गोलात एकही झाड नसलं, तरी शून्य लिहायचं. लोक नेमका हाच गोल गाळतात आणि मग आकडा फुगतो. बुंधा आत तर झाड आत, फांद्या कुठंही जावोत. वेड्या बाभळीच्या एका बुडातून पाच-सात फुटवे निघतात, ते एकच झाड धरा. चढावर टेप जमिनीला चिकटवू नका, आडवा धरा. आणि ओढ्याकाठ वेगळा मोजा. तिथली दाटी माळात मिसळली तर येणारी सरासरी ना ओढ्याची, ना माळाची.

प्रत्येक झाडाची जात आणि अंदाजे उंची लिहा. गुडघ्याखालची रोपं मोठ्या गोलात शोधत बसू नका. त्याच खुंटीभोवती ५.६४ मीटरचा छोटा गोल घ्या, तो बरोबर एक आर. दहा छोट्या गोलांची बेरीज दहानं गुणली की हेक्टरी रोपं. अख्ख्या मोजणीत मला हाच आकडा सर्वांत आधी बघायचा असतो. मोठे हिवर साठ निघोत की ऐंशी, त्यांची सावली विरळ, शेंगा शेळ्यामेंढ्या खातात. पण गुडघ्याखाली वेड्या बाभळीची चार-पाचशे रोपं निघाली, तर घोर लागायला हवा. तिच्याही शेंगा जनावरं आवडीनं खातात आणि बी शेणालेंड्यांतून माळभर जातं. वरून तोडली की बुडातून पुन्हा फुटते. म्हणून ती लहान असतानाच, पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा, मुळासकट उपटायची.

किती पुरे? नामिबियात गुरांची कोरडी कुरणं काटेरी झुडपांनी भरून गेली, तिथला एक ठोकताळा सांगते. दीड मीटर उंचीचं झुडूप म्हणजे एक एकक, तीन मीटरचं झाड म्हणजे दोन. हेक्टरी एककं वर्षाच्या पावसाच्या मिलीमीटरच्या दुपटीवर जाऊ नयेत. तुमच्याकडं ५५० मिलीमीटर धरला तर मर्यादा १,१०० येते. संस्थेची रोपं जगून तीन मीटर झाली, तर नुसती तीच २,२२२ एककं होतील, आहेत ती झाडं वेगळी. तिकडची माती आणि आपला मुरूम एक नव्हे, म्हणून हा आकडा ठरावात घालू नका. बोलताना मात्र उपयोगी पडेल.

आपल्या माळापुरता निवाडा गवतच देईल. पावसाळ्यात काही तुकडे काट्या लावून राखा, काही दाट झाडाखाली, काही उघड्यावर. सप्टेंबरअखेरीस मीटरभर चौकटीतलं गवत कापा, वाळवा, तोला. चौरस मीटरला १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी एक टन. झाडाखालचं आणि उघड्यावरचं वजन ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवा.

गायरान सरकारी जमीन आहे, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. तेव्हा मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी तहसीलदार आणि वनखात्याकडं लेखी विचारा. संस्थेला मात्र परत पाठवू नका. ओढ्याकाठची वेडी बाभूळ मुळासकट काढायला तिचा पैसा आणि माणसं मागा, त्या जागी हिवर, बोर, अंजन लावू द्या. तेही दहा-दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर.