एका पगारावर सोळा महिने

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्ड आहे. माझं वय ३६, पुण्यातून मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, सध्या लॅबमध्ये ५८ हजार डॉलरची नोकरी. १६ महिन्यांच्या अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनला (नर्सिंगच्या पदवीला) ऑगस्टचा प्रवेश मिळालाय, फी ६२ हजार. हातात ३० हजार आहेत. बाकीचं प्रायव्हेट लोन काढावं आणि शनिवार-रविवार लॅब चालू ठेवावी, असा विचार आहे. मुलगा पाच वर्षांचा. सासूबाई साताऱ्याहून सहा महिने येऊ शकतात. जमेल का?

उत्तर: कोर्स जरूर करा. शनिवार-रविवारची नोकरी मात्र डोक्यातून काढा.

तुम्ही हिशोब फक्त फीचा मांडलाय. हातात येणारा पगार महिना ३,७०० धरू. कोर्सनंतर एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग लायसन्स, मग नोकरी, यात आणखी तीन-चार महिने जातात. म्हणजे २० महिन्यांचे ७४ हजार बुडाले. फी धरून १ लाख ३६ हजार. रजिस्टर्ड नर्सचा अमेरिकेतला मध्यम पगार २०२४ मध्ये ९३,६०० डॉलर होता. कर जाऊन वर्षाला २४ हजार जास्त सुटतील असं धरलं, तर पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षांच्या वर लागतील. तुमच्या वयाला सौदा वाईट नाही.

पण हे गणित एकाही विषयात न अडकण्यावर उभं आहे. माझी एक क्लायंट वीकेंडला काम करायची. फार्माकॉलॉजीत पासिंग ७७, तिला ७५.४. पुढची बॅच येईपर्यंत चार महिने घरी, त्या विषयाची फी पुन्हा, आणि नर्सचा पगार चार महिने लांबला. वीकेंडला कमावलेले नऊ हजार त्यात केव्हाच गेले. हॉस्पिटलात बारा तासांची क्लिनिकल (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) करून आलेल्या माणसाला रविवारी झोप लागते, पगार नाही.

कर्जाचं म्हणाल तर आधी फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, भरा. दुसरी पदवी म्हणून पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) नाही, पण ग्रीन कार्डवर फेडरल लोन मिळतं, तुमच्यासाठी वर्षाला १२,५०० पर्यंत. पुढे नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात पूर्णवेळ लागलात, तर नियमात बसणारे १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ होऊ शकतं. प्रायव्हेट लोनला ही सोय नाही, शिवाय सही नवऱ्याचीही मागतील. ते शेवटी, आणि कमीत कमी. (भारतातली एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) ठेव मोडणार असाल, तर तिचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. हे विसरणारे मला दर एप्रिलला भेटतात.)

मी तुमच्या जागी असतो तर कॉलेजला जानेवारीची बॅच मागितली असती. तोवर सहा महिने घर एका पगारावर चालवा, तुमचा पगार वेगळ्या खात्यात. बावीस हजार साठतील, आणि एका पगारात खरंच भागतं का तेही आत्ताच कळेल. भागलं नाही, तर नोकरी सोडायच्या आधी कळलेलं बरं. याहून जास्त मात्र ढकलू नका. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीसारखे आधी केलेले विषय बरीच कॉलेजं ठरावीक वर्षांनंतर धरत नाहीत.

आणि सासूबाईंना पहिल्या सेमिस्टरला बोलवू नका. त्यांचे सहा महिने शेवटासाठी राखा, क्लिनिकल आणि एनक्लेक्सची तयारी एकदम अंगावर येते तेव्हा. जानेवारीत सुरू केलंत तर त्यांच्या वाट्याला न्यू जर्सीचा हिवाळा येईल. चांगल्या जाड कोटाचे दोनशे डॉलर हिशोबात धरा.