भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, सारखं रक्त चढवावं लागतं), वय ६. क्रिस्परची, म्हणजे जनुकात बदल करणाऱ्या उपचाराची, वाट बघावी की बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून टाकावा?

वाट बघू नका. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखीची खूण) जुळतंय का ते आधी बघा, जुळलं तर लहान वयातच ट्रान्सप्लांट बरा. क्रिस्परचा कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, तोही १२ वर्षांपुढच्यांना. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आमची सगळी हापूसची कलमं विकली तरी विमानाच्या तिकिटापुरतेच पैसे येतील.

आम्ही गुहागरकडचे. माझा मुलगा आता १४ वर्षांचा. आठव्या महिन्यात पांढराफटक पडायला लागला, तेव्हा सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला. माझ्या माहेरचं काहीतरी राहिलंय असं निघालं. गाऱ्हाणं झालं, कोंबडा झाला. मग चिपळूणला दोघांचं रक्त तपासलं. एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, माझं ५.२ टक्के, ह्यांचं ५.४, साडेतीनच्या आत असायला हवं. म्हणजे दोघंही वाहक, स्वतःला आजार नाही पण दोष मुलांत जाऊ शकतो. सासूबाईंनी कागद दोनदा उलटसुलट केला नि म्हणाल्या, "मशीन बिघडलं असंल. आमच्या घराण्यात असलं काय नव्हतं."

तेव्हापासून मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी. शीर सापडेना झाली की पोरगा स्वतःच नर्सला सांगतो, "हा हात घ्या, ही शीर पळत नाही."

म्हणून धाकट्या दिराचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, छत्तीस गुण बघता तसं रक्तही बघा. घरात चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. दीर गुपचूप जाऊन तपासून आला. वाहक! मुलीचं साफ निघालं, लग्न झालं. म्हणजे मोडायची गरज नव्हतीच, नुसतं बघायचं होतं. दोघंही वाहक असले तर दर खेपेला मुलाला हा आजार व्हायची शक्यता चारात एक.

आणि क्रिस्परने ही तपासणी सुटते असं समजू नका. बिघडलेलं जनुक त्यात दुरुस्त होतच नाही. मूलपेशी बाहेर काढून बीसीएल-११-ए ह्या दुसऱ्याच जनुकाला रक्तपेशींपुरतं गप्प करतात, मग गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. पेशंटच्या बीजात दोष तसाच राहतो, म्हणजे त्याच्या लग्नातही तपासणी आलीच.

मी डॉक्टर नाही हं. ट्रान्सप्लांट काय, क्रिस्पर काय, दोन्हींत आधी कडक केमो असते, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, ते नीट विचारून घ्या. आणि तुमच्या बहिणीच्या सासरी कुणी लग्नाचं असेल तर एचबीए-टू करायला लावा. चिडतील, चिडू देत.