सहाला बेचाळीस, मग आठला किती?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी पाचवीला आहे, यंदा स्कॉलरशिपला बसवलंय. क्लासमधून समसंबंधाचा, म्हणजे पहिल्या जोडीत जे नातं तेच दुसऱ्या जोडीत लावायचं, असा भरपूर होमवर्क येतो. तिचे बाबा मोबाईलवर फोटो काढून उत्तरं शोधून देतात, वही पूर्ण होते पण टेस्टला तसलंच उदाहरण आलं की चुकतं. काल ६ : ४२ :: ८ : ? यावरून घरात वाद झाला, मी म्हणते ५६, बाबा म्हणतात ७२, आणि लेक म्हणते दोन्ही बरोबर. काय शिकवू तिला? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमची लेक बरोबर बोलतेय, तिला शाबासकी द्या आधी. ६ ची सातपट ४२, म्हणून ८ ची सातपट ५६. ६ गुणिले पुढची संख्या ७ म्हणजेही ४२, म्हणून ८ गुणिले ९, ७२. आणि ६ मध्ये ३६ मिळवले तरी ४२च, त्या हिशोबाने ४४ पण येतं! अशा वेळी पर्याय बघायचे, सहसा यातलं एकच तिथे असतं. दोन असतील तर सरळ सरांना विचारा, उदाहरणच नीट बनवलेलं नाही.

मोबाईलचं मात्र बंद करा, मनापासून सांगते. उत्तर मिळतं पण संबंध शोधायची सवय लागत नाही, आणि परीक्षेत नेमकी तीच लागते, ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात. त्यापेक्षा रोज पाचच उदाहरणं करू दे पण पर्यायांवर हात ठेवून, पहिल्या जोडीचं पूर्ण वाक्य मोठ्याने बोलायला लावा. सुतार : रंधा :: लोहार : ? यात पर्याय आहेत लोखंड, विळा, हातोडा, कोळसा. नुसतं 'सुताराचा रंधा' म्हटलं तर चारही लोहाराचेच वाटतात. 'सुतार रंधा हातात धरून काम करतो' असं म्हटलं की लोखंड कच्चा माल, विळा तयार वस्तू, कोळसा भट्टीत जातो, उरला हातोडा. वाक्य जितकं नेमकं तितके पर्याय आपोआप गळतात.

काही ठिकाणी डोकं चालत असूनही मुलं अडतात कारण शब्दच माहीत नसतो. शेळी : करडू :: म्हैस : ? फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला रेडकू कुठून माहीत असणार, त्यात त्याचा काय दोष? घोड्याचं शिंगरू, मेंढीचं कोकरू, उंटांचा तांडा, किल्ल्यांचा जुडगा, द्राक्षांचा घोस, हे गप्पांमध्ये येऊ द्या, आजी-आजोबा असतील तर फारच छान.

आकड्यांत आधी बेरीज-वजाबाकी बघायची, मग पट, मग वर्ग-घन आणि त्यात एखादा अधिक-उणे, आणि काहीच जमेना तर अंक सुटे करायचे. २४ : ६ :: ३५ : ? मध्ये चौथा भाग म्हणावं तर ३५ ला ४ ने भाग जात नाही, मग २ अधिक ४ सहा, ३ अधिक ५ आठ. वर्ग ३० पर्यंत आणि घन १५ पर्यंत पाठ असले तर बरीच उदाहरणं बघताक्षणी सुटतात.

प्रश्न : मी आठवीत आहे. इंग्रजी अक्षरांच्या समसंबंधात बोटं मोजण्यातच वेळ जातो. – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५ एवढं पाठ कर, बाकीची अक्षरं यांच्या आजूबाजूला लगेच सापडतात. आणि उलट क्रमाच्या जोडीची, म्हणजे ए-झेड, बी-वाय अशी सुरुवातीकडून आणि शेवटाकडून सारख्याच क्रमांकावरच्या अक्षरांची, बेरीज नेहमी २७ येते. सी-एफ : एक्स-यू :: डी-एच : ? घे. सी ३ आणि एक्स २४, एफ ६ आणि यू २१. म्हणजे डी ४ ला २३ डब्ल्यू, एच ८ ला १९ एस. आणि हो, आठवीच्या स्कॉलरशिपला काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात, तिथे दोन्ही गोल रंगवायचे, त्यामुळे सूचना नीट वाच.