मणक्याला मार लागलेल्या भावाने गोळाफेक खेळावी का?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ चिंचेच्या झाडावरून पडला. छातीखाली जाणीव नाही, व्हीलचेअरवर असतो, लघवीला नळी लावलेली आहे. आता तो बसून गोळाफेक शिकायची म्हणतो. आई म्हणते, "आहे तेवढं तरी सांभाळ." काय करावं?
– एक भाऊ, जि. यवतमाळ

उत्तर : खेळू द्या, दादा. आईंची भीती खोटी नाही, पण मणक्याच्या पेशंटांचा व्यायाम घेताना मी पाहते, गोळ्यापेक्षा ऊन, पट्टा आणि नळी यांनीच जास्त घात होतो. दीपा मलिक यांनाही छातीखाली जाणीव नाही. २०१६ साली रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी गोळाफेकीतच रौप्यपदक मिळवलं.

डिस्चार्ज कार्डावर कोणता मणका लिहिलाय ते बघा. डी ६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वरचा असेल तर हे घरात सगळ्यांना पाठ हवं. फेकीच्या खुर्चीला मांड्या पट्ट्याने करकचून बांधतात. त्याखाली नळी दबली की लघवी तुंबते. भावाला ते कळत नाही, पण रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम फुटतो. आपल्याकडे अशा वेळी माणसाला लगेच आडवं करतात. तसं अजिबात करू नका. ताठ बसवा, पट्टे सोडा, नळी सरळ करा. तरी उतार नसेल तर तडक दवाखाना गाठा, कारण यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. असा रक्तदाब चढून जोर वाढावा म्हणून मुद्दाम लघवी तुंबवणारे खेळाडूही असतात. पॅरालिम्पिकमध्ये त्यावर बंदी आहे, कुणी तसं सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

इजेच्या खाली घाम जवळजवळ येत नाही, म्हणून अंग निवत नाही. आपल्या उन्हाळ्यात सराव पहाटेच, मानेवर ओला दुपट्टा टाकून. लोखंडी खुर्ची उन्हात तापली असेल तर बसवण्याआधी स्वतःचा हात लावून बघा. एका मुलाच्या मांडीवर खुर्चीच्या पट्टीएवढा फोड मी पाहिलाय, तो भरायला अख्खा पावसाळा गेला. बसायला चांगली गादी द्या, मधूनमधून पुढे वाकायला लावा. रोज रात्री आरशात ढुंगण-मांड्या तपासा. लाली जात नसेल तर सराव बंद.

पायाची हाडं आता ठिसूळ झालेली असतात. पडल्यावर पाय सुजला, गरम लागला, तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढा.