फुलं खाणाऱ्या भुंग्यांना मराठीत काय म्हणतात? ‘फुलकिडे’ हेच नाव बरोबर का?

तुम्ही लिहिलंय की गच्चीतल्या जास्वंदीवर काळ्या अंगाचे, नारिंगी पट्ट्यांचे किडे येतात, पाकळ्या कुरतडून भोकं पाडतात आणि शेजारी त्यांना ‘फुलकिडे’ म्हणतात. फुलकिडे नव्हेत ते. वर्णनावरून हे हिंगे आहेत. आमच्या बाजरीच्या पट्ट्यात हेच नाव चालतं, काही जण सोसे म्हणतात. इंग्रजीत ब्लिस्टर बीटल, म्हणजे फोड आणणारा भुंगेरा.

एकदा खात्री करून घ्या. इंचभर लांबट अंग, बारीक मान, खाली वाकलेलं डोकं, आणि पाठीवरची कवचं इतर भुंगेऱ्यांच्या मानाने मऊ. उडवायला गेलात तर घाई करत नाही, निवांत चरत राहतो. तो भडक रंग म्हणजेच त्याची धमकी आहे.

फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, डोळे बारीक करून पाहावे लागतात. कांद्याच्या पातीवर पांढुरके चट्टे पडतात ना, ते त्यांचं काम. ते पान खरवडून रस शोषतात. हिंगे चावून खातात. नावाच्या या घोळाचा फटका आमच्याच घरी बसलाय. मूग फुलावर असताना भाच्याने दुकानात जाऊन ‘फुलं खाणारे किडे आलेत’ एवढंच सांगितलं. दुकानदाराने फुलकिड्यांचं औषध दिलं आणि त्याने ते भर सकाळी फवारलं. चार दिवसांनी हिंगे होते तिथेच होते, मधमाश्या मात्र दिसेनाशा झाल्या. म्हणून नावाबद्दल मी एवढा हट्टी आहे.

‘भुंगा’ म्हणू नये असंही मला वाटतं. आपला भुंगा म्हणजे वाशाला भोक पाडून राहणारा, गुंगुं करणारा काळा सुतार भुंगा, आणि तो मधमाशीच्या नात्यातला. कोरडं लाकूड पोखरणारा पण कोवळ्या कळीत अडकणारा ज्ञानेश्वरीतला भ्रमर तो हाच असावा. तो फुलातला मध घेतो, फूल खात नाही. पाठीवर दोन कवचं आणि त्याखाली घडी घातलेले पातळ पंख असतील तर तो भुंगेरा. एका अक्षराचा फरक, पण प्राणी वेगळाच.

हिंग्यांशी माझी ओळख मानेवरच्या फोडाने झाली. बाजरी निसवून फुलोऱ्यात आली की आजी आम्हा पोरांना दव असतानाच शेतात न्यायची. गारठ्याने हिंगे सुस्त असतात, कणसाला चिकटून बसलेले. रॉकेल घातलेल्या पाण्याचा डबा खाली धरायचा, कणीस त्यावर वाकवायचं आणि झटकायचं. उन्हं चढली की ते उडायला लागतात, मग काही हाती लागत नाही. एक माझ्या कॉलरमध्ये पडला आणि मी चापट मारली. बोटाला पिवळसर, तेलकट ओल लागली, बाकी काही नाही. संध्याकाळी मान चुरचुरायला लागली आणि सकाळी तिथे पाण्याने भरलेला लांबट फोड. आजी म्हणाली, “चिरडू नको म्हटलं होतं ना? फुंकून उडवायचा असतो.”

ती ओल त्याच्या पायांच्या सांध्यांतून येते. तिच्यातलं द्रव्य कँथरिडिन. ते नर तयार करतो, मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि मादीकडून ते अंड्यांना संरक्षण म्हणून मिळतं. १८१० साली पिएर रोबिके या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते पहिल्यांदा वेगळं काढलं, युरोपातल्या ‘स्पॅनिश फ्लाय’ नावाच्या हिरव्या किड्यातून. नावात माशी असली तरी तोही भुंगेराच, म्हणजे नावाचा घोळ तिकडेही आहेच. किडा मेला, वाळला तरी हे विष जात नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या चाऱ्यात असे भुंगेरे चिरडले जाऊन घोडे दगावतात. म्हणून वेचलेले हिंगे जनावरांच्या चाऱ्याजवळ टाकू नका. अंगाला ओल लागलीच तर लगेच साबणाने धुवा.

बाजरीचं नुकसान ते करतात, त्यात शंका नाही. पराग आणि फुलोरा खाल्ला गेला की कणसात दाणा भरत नाही. तुरीची, चवळीची, भेंडीची फुलंही त्यांना आवडतात. पण त्यांची दुसरी बाजू मला कळली तेव्हा मी फवारणीचा नाद सोडला. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली सहा पायांची चपळ अळी जमिनीत नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधते आणि त्यावरच वाढते. मोठेपणी फुलं खाणारा हा किडा लहानपणी नाकतोडे कमी करत असतो. चार कुंड्यांसाठी औषध आणूच नका. सकाळी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. पावसाळा सरला की ते आपोआप कमी होतात.

गुलाबात मात्र वेगळा, आखूड, चपट्या पाठीचा भुंगेरा घुसलेला दिसला तर तो हिंगा नव्हे. तो हुमणीच्या, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या जाड अळीच्या, कुळातला फ्लॉवर चेफर. त्याला मराठीत रुळलेलं नाव मी तरी ऐकलेलं नाही, मी ‘फूलभुंगेरा’ म्हणतो. उडताना पाहा, पाठीवरची कवचं मिटलेलीच असतात आणि पंख बाजूने बाहेर काढून तो मधमाशीसारखा गुणगुणत जातो. त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या कंपोस्टमध्ये सापडतात आणि हुमणी समजून लोक त्या मारतात. अशी अळी सापडली तर फरशीवर ठेवून बघा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली तर ती फूलभुंगेऱ्याची. कुजलेला पाला खाऊन ती तुमचं खतच करतेय, तिला परत डब्यात सोडा.