परंतुकापर्यंत वाच

चि.स अनेक आशीर्वाद.

राजकारण, समाज आणि माणसाचं वागणं यांवर नेटवर काय वाचू, असं विचारलंस. ठिकाणं थोडीच सांगते, पण तिथे मुक्काम कर.

सुरुवात संविधान सभेच्या चर्चांपासून. डिसेंबर १९४६ ते जानेवारी १९५० पर्यंतचं कामकाज तारीखवार वाचता येतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, असं बाबासाहेब म्हणाले होते; ते वाक्य तुझ्या फोनवर दहादा येऊन गेलं असेल. ते भाषण ४ नोव्हेंबर १९४८चं. दुसऱ्याच दिवशी सभेचे एक सदस्य ह. वि. कामत त्यावर तुटून पडले. २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली; तेच आजचं कलम ४०. फक्त ४ तारीख वाचणाऱ्याला भांडण दिसतं, फक्त २२ वाचणाऱ्याला एकमत. म्हणून एखादं वाक्य भावलं (किंवा डोक्यात गेलं), की त्याच्या मागची आणि पुढची पाच-पाच भाषणं वाच, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला तेही शोध. इंग्रजी जड वाटलं तर रोज चार पानं पुरेत.

मग आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पत्रकं राज्यवार आणि जिल्हावार मिळतात. पाचव्या फेरीत महाराष्ट्राच्या बालविवाहाच्या रकान्यात २१.९ टक्के आहेत, चौथीत २६.३ होते. यावरून 'दर पाचवं लग्न बालविवाह' असं कोणी लिहिलं, की रकान्याचं पूर्ण नाव वाच: २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या. म्हणजे छेद स्त्रियांचा, लग्नांचा नव्हे. आणि यातली बरीच लग्नं सर्वेक्षणाच्या कितीतरी वर्षं आधीची. फेरीवर २०१९-२१ छापलेलं असलं तरी महाराष्ट्रातली पाहणी लॉकडाउनआधीच उरकली होती. त्यामुळे 'कोरोनात बालविवाह वाढले' हे या आकड्यावरून ना सिद्ध होतं, ना खोटं पडतं. तरी दोन्ही बाजू तो बिनदिक्कत वापरतात! प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न: छेद कोणता, मोजणी कधीची, विचारलं कोणाला.

विधेयकांसाठी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे गोषवारे चांगले असतात, पण गोषवाऱ्यावर भागवू नकोस. मूळ मसुद्यात आधी व्याख्या बघ, बहुधा कलम २. शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन असतं. ते सरकारचं म्हणणं, कायदा नव्हे. खरी मेख परंतुकात. 'परंतु' पासून सुरू होणारा तो परिच्छेद वरच्या ओळीत दिलेला हक्क अर्धा परत घेऊ शकतो. 'विहित करण्यात येईल अशा' हे शब्द दिसले, की तिथला तपशील पुढे नियमांत ठरणार, हे समज.

माणसाच्या वागण्यावरचं लिखाण मात्र चिमटीत धरून वाच. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा अहवाल २०१५ साली आला. जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच ठोस परिणाम मिळाला. 'एका संशोधनानुसार' म्हटलं, की मूळ निबंधातला पद्धतीचा भाग उघड. माणसं किती, कुठली? चाळीस अमेरिकन कॉलेजकुमारांवरून अख्ख्या मनुष्यजातीचा स्वभाव सांगितला असेल तर पुढे सरक.

मराठीत 'साधना'चे जुने अंक चाळ, साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक आहे. खेड्यापाड्यांतली कामं, कर्ज, स्थलांतर समजून घ्यायला 'परी' हे ग्रामीण भारताबद्दलचं संकेतस्थळ वाच; तिथले बरेच वृत्तांत मराठीतही येतात. भराभर वाचू नकोस.

एक वही ठेव. तारीख, बोलणारा, दावा, पुरावा असे चार रकाने आख. चौथा रकाना बऱ्याचदा कोराच राहील, तो तसाच राहू दे. आणि महत्त्वाची पीडीएफ लगेच उतरवून घे, नावात वर्ष घालून. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे मरतात.